डुक्कर खाते सगळे, वाढते मोजक्यावर

डुकराला काहीही घातले तरी चालते, हा आपल्याकडचा पक्का समज आहे. उकिरड्यावरचे वेचून, गटाराकडेचे उकरून, हॉटेलातले खरकटे खाऊन हे जनावर जगते, म्हणून त्याच्या खाण्याचा वेगळा विचार करण्याची गरज कुणाला वाटत नाही. जगते हे खरेच आहे. पण जगणे आणि वाढणे यांत फार अंतर आहे. चांगल्या संकरित जातीचे पिल्लू जन्मताना दीड किलोच्या आसपास असते आणि नीट खायला मिळाले तर सहा-सात महिन्यांत ९० ते १०० किलोचे होते. अर्ध्या वर्षात जन्मवजनाच्या साठपट! गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांच्यापैकी कुणालाही हे साधत नाही. उलट मोकाट फिरणारे गावठी डुक्कर वर्ष उलटले तरी त्याच्या निम्म्यालाही पोहोचत नाही. या फरकात जातीचा वाटा आहेच, पण गव्हाणीत काय पडते याचा वाटा आपण मानतो त्याहून कितीतरी मोठा आहे. वराहपालनात एकूण खर्चाचा साठ ते पंचाहत्तर टक्के भाग खाद्यावर जातो. त्यामुळे हा प्रश्न केवळ शास्त्राचा नाही, पाळणाऱ्याच्या पोटाचाही आहे.

सुरुवात पोटापासूनच करू. गाई-म्हशींच्या कोठीपोटात कोट्यवधी सूक्ष्मजीव असतात. ते निकस कडब्यातूनही प्रथिने घडवतात आणि ती पुढे जनावराच्या कामी येतात. डुकराचे पोट आपल्यासारखे एकाच कप्प्याचे आहे. जे खाद्यात नाही ते त्याच्या शरीरात येण्याचा जवळजवळ मार्गच नाही. मोठ्या आतड्यात थोडाफार चोथा आंबतो आणि त्यातून काही ऊर्जा मिळते. पूर्ण वाढलेल्या मादीला त्याचा बऱ्यापैकी उपयोग होतो, लहान पिल्लाला नाही. म्हणून गाभण मादीला हिरवा पाला आणि कोंडा चालतो. तोच चारा दोन महिन्यांच्या पिल्लापुढे टाकला तर त्याचे पोट भरते आणि वाढ थांबते. चोथ्याने पोट भरलेले पिल्लू ओरडत नाही, त्यामुळे त्याची उपासमार पाळणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

डुकराच्या वाढीचा शास्त्रीय हिशेब मांडायला सुरुवात झाली ती इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड येथे. १८५०च्या दशकात लॉज आणि गिल्बर्ट या शास्त्रज्ञांच्या जोडीने तिथे डुकरांना मोजून-मापून खाऊ घातले आणि नंतर त्यांच्या संपूर्ण शरीराचे रासायनिक पृथक्करण केले. शरीरातली चरबी नेमकी कशातून तयार होते, हा त्या काळातला मोठा वाद होता. त्यांच्या आकड्यांत असे दिसले की डुकराच्या अंगावर जितकी चरबी चढली, तितकी खाद्यातली चरबी आणि प्रथिने दोन्ही धरूनही भरत नव्हती. उरलेली चरबी धान्यातल्या पिठूळ भागातून, म्हणजे कर्बोदकांतूनच आलेली असणार. माणसाच्या आहारशास्त्रालाही उपयोगी पडलेला हा निष्कर्ष डुकराच्या गोठ्यातून निघाला, ही गोष्ट आवर्जून नोंदवण्याजोगी आहे.

पुढचे मोठे काम १९४०च्या सुमारास केंब्रिजमध्ये झाले. न्यूझीलंडहून आलेल्या मॅकमीकन या संशोधकाने जॉन हॅमंड यांच्या हाताखाली काम करताना पिल्लांचे चार गट केले. एकाला पहिल्यापासून शेवटपर्यंत भरपूर खायला दिले आणि एकाला शेवटपर्यंत कमी. तिसऱ्याला आधी भरपूर व मग कमी, तर चौथ्याला आधी कमी व मग भरपूर. सगळी डुकरे २०० पौंडांची, म्हणजे साधारण ९० किलोंची झाल्यावर कापून पाहिली. वजन सर्वांचे सारखे, पण आतला माल अगदी वेगळा निघाला. आधी उपाशी आणि नंतर भरपेट वाढवलेली डुकरे सर्वांत चरबट होती. आधी भरपेट आणि नंतर हात राखून वाढवलेल्यांत मांस जास्त भरले होते.

कारण शरीराची घडण एका क्रमाने होते. आधी हाड, मग स्नायू आणि शेवटी चरबी. स्नायू भरण्याच्या काळात खाद्य तोकडे पडले, तर ती संधी बऱ्याच अंशी निघून जाते. नंतर कितीही घातले तरी वजनाची भरपाई मुख्यतः चरबीने होते. आपल्याकडे पिल्ले लहान असताना त्यांना उरलेसुरले देतात आणि विक्री जवळ आली की खुराक वाढवतात. हा नेमका उलटा क्रम आहे. ऐंशी वर्षांपूर्वी सिद्ध झालेली ही गोष्ट अजून आपल्या गोठ्यांपर्यंत पोहोचलेली नाही, याचे मला वाईट वाटते.

चरबी चढवणे महाग का पडते, तेही बघायला हवे. स्नायूंत सुमारे तीन चतुर्थांश पाणीच असते. प्रथिने एका किलोत दोनशे-सव्वादोनशे ग्रॅम. चरबीच्या थरात पाणी अगदी थोडे, बाकी सगळी शुद्ध ऊर्जा. एक ग्रॅम प्रथिन अंगी लावायला दहा-अकरा किलोकॅलरी लागतात आणि एक ग्रॅम चरबी साठवायला बारा-तेरा. पाण्याचा हिशेब धरला की एक किलो मांस चढायला साधारण २,३०० किलोकॅलरी पुरतात, तर एक किलो चरबीच्या थराला १०,०००हून जास्त. वजनकाट्यावर दोन्ही किलो सारखेच दिसतात, पण एकाला दुसऱ्याच्या चौपटीहून अधिक खाद्य लागते. डुक्कर जसजसे मोठे होते तसतसे एक किलो वजनवाढीला लागणारे खाद्य वाढत जाते, ते मुख्यतः यामुळे. जोडीला शरीर नुसते चालू ठेवण्याचा रोजचा खर्चही वाढतोच.

१९७०च्या दशकात एडिंबरोचे संशोधक व्हिटेमोर यांनी याला गणिताचे रूप दिले. प्रत्येक डुकराची दिवसाला प्रथिने अंगी लावण्याची एक कमाल मर्यादा असते. ती जातीवर, नर-मादीवर आणि वयावर ठरते. त्या मर्यादेपर्यंत खाद्य वाढवले की मांस वाढते. त्यापुढचे खाद्य चरबीत जाते. म्हणून सुधारित जातीच्या डुकराला हात आखडून खायला घालणे जितके चुकीचे, तितकेच गावठी डुकराला परदेशी पुस्तकातला महागडा खुराक घालणे चुकीचे. त्याची मांस घडवण्याची मर्यादाच कमी असते. यॉर्कशायर, लँडरेस, ड्युरॉक या परदेशी जातींच्या संकरासाठी बेतलेले खाद्य आपल्या देशी जातींना तसेच्या तसे लावले की पैसे चरबीत जातात आणि मग दोष जातीवर येतो.

आता सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येऊ. प्रथिन म्हणजे एकच पदार्थ नव्हे. ते विसाच्या आसपास अमिनो आम्लांच्या जुळणीतून तयार होते. जुन्या छापखान्यात खिळे जुळवून मजकूर बसवत. एका अक्षराचे खिळे संपले की बाकीचे ढीगभर पडून असले तरी पान अडे. डुकराच्या शरीरात हेच घडते आणि तिथे बहुधा सर्वांत आधी संपते ते लायसीन. मका, ज्वारी, तांदूळ, गहू या सगळ्या धान्यांत लायसीन फार कमी असते. ते संपले की उरलेली अमिनो आम्ले शरीर जाळून टाकते; त्यांतला नत्र मूत्रावाटे बाहेर पडतो आणि पेंडीला मोजलेले पैसे त्याच वाटेने जातात. लायसीनची तूट भरली की पुढे थ्रिओनिन, मेथिओनिन आणि ट्रिप्टोफॅन यांचा क्रम लागतो. ब्रिटनच्या कृषी संशोधन परिषदेने १९८१ मध्ये ‘आदर्श प्रथिना’ची कल्पना मांडली. लायसीन १०० धरायचे आणि बाकीच्यांचे प्रमाण त्याच्याशी लावायचे. आज जगभरचे डुकरांचे खाद्य याच पद्धतीने बेतले जाते.

आपल्याकडे मात्र खाद्याच्या गोणीवर नुसती ‘क्रूड प्रोटीन’ची टक्केवारी लिहिलेली असते. भारतीय मानकानेही पिल्लांसाठी २०, वाढत्या डुकरांसाठी १८ आणि शेवटच्या टप्प्यासाठी १६ टक्के असे आकडे दिलेले आहेत. ते चुकीचे नाहीत, पण त्यांच्यामागे बरेच काही लपते. एक साधा हिशेब करून बघा. मक्यात प्रथिने साडेआठ टक्के आणि लायसीन पाव टक्का असते. शेंगदाणा पेंड आणि सोयाबीन पेंड दोन्हींत प्रथिने सुमारे ४५ टक्के. पण शेंगदाणा पेंडीत लायसीन दीड टक्का, तर सोयाबीन पेंडीत २.८ टक्क्यांच्या आसपास. ७४ किलो मका आणि २६ किलो पेंड असे मिश्रण केले, तर दोन्ही वेळा प्रथिने १८ टक्केच भरतात. लायसीन मात्र शेंगदाणा पेंडीच्या खाद्यात ०.५७ टक्के आणि सोयाबीनच्या खाद्यात ०.९१ टक्के. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कोष्टकाप्रमाणे २५ ते ५० किलोंच्या डुकराला ०.९८ टक्के पचनीय लायसीन लागते. म्हणजे पहिल्या खाद्यावर ते डुक्कर अर्ध्या रेशनवर आहे. गोणीवरचा आकडा तोच, भाव जवळपास तोच, तरी एका गोठ्यात डुकरे भरतात आणि दुसऱ्यात रखडतात. दोष मग नशिबाला किंवा पिल्ले विकणाऱ्याला दिला जातो.

महाराष्ट्राला याबाबतीत तक्रारीला जागा नाही. लातूरपासून विदर्भापर्यंत आपला सोयाबीनचा पट्टा पसरलेला आहे आणि तेल काढल्यावरची पेंड इथल्याच गिरण्यांतून निघते. मात्र सोयाबीनचे कच्चे दाणे भरडून घालू नयेत. त्यांत ट्रिप्सिन या पाचकरसाला अडवणारे घटक असतात, ते उष्णतेनेच निकामी होतात. घरचे सोयाबीन घालायचे तर भाजून किंवा उकडून घालावे. सरकी पेंड स्वस्त पडते म्हणून मोह होतो, पण तिच्यातले गॉसिपॉल डुकराला बाधते. ती घातलीच तर अगदी थोडी.

मक्यातच लायसीन वाढवता येईल का, हा प्रयत्नही झाला. १९६४ मध्ये अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात ‘ओपेक-२’ या मक्याच्या वाणात लायसीन भरपूर असल्याचे आढळले आणि नुसत्या त्या मक्यावर वाढवलेली डुकरे साध्या मक्यावरच्या डुकरांना कितीतरी मागे टाकून गेली. पण त्याचा दाणा मऊ, उत्पन्न कमी आणि कीड लवकर लागणारा. हे दोष काढून टिकाऊ वाण तयार करण्याचे काम मेक्सिकोतल्या आंतरराष्ट्रीय केंद्रात एव्हँजेलिना विलेगास आणि भारतीय शास्त्रज्ञ सुरिंदर वसाल यांनी केले. त्यासाठी त्यांना २००० साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. दरम्यान जपानमध्ये १९५०च्या दशकाच्या अखेरीस जिवाणूंकडून आंबवण्याच्या प्रक्रियेने लायसीन तयार करण्याची वाट सापडली होती. आज ती पांढरी पूड गोणीने मिळते. ती वापरली की पेंड कमी करता येते. खाद्यातली प्रथिने एका टक्क्याने उतरवली, तर शेण-मूत्रातला नत्र आठ-दहा टक्क्यांनी घटतो. गोठ्याचा उग्र वास कमी होतो, हा शेजाऱ्यांच्या दृष्टीनेही छोटा फायदा नव्हे.

वय वाढेल तशी लायसीनची गरज झपाट्याने उतरते. अमेरिकी परिषदेच्या त्याच कोष्टकात पाच ते सात किलोंच्या पिल्लाला दीड टक्का आणि शंभर किलोंच्या पुढच्या डुकराला जेमतेम ०.६ टक्के लागते. सगळ्या वयांच्या डुकरांना एकाच पिंपातले खाद्य घालणारा पाळणारा म्हणूनच दोन्हीकडून नुकसान करून घेतो. पिल्लांना कमी पडते आणि मोठ्यांचे वाया जाते. निदान तीन टप्पे तरी वेगळे करायलाच हवेत.

पिल्लाच्या पहिल्या दिवसाबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण पुढची सगळी वाढ तिथे ठरते. डुकराच्या पिल्लाला आईकडून गर्भात रोगप्रतिकारक द्रव्ये मिळत नाहीत. ती सगळी चिकातून मिळतात. आणि ती जशीच्या तशी शोषून घेण्याची आतड्यांची क्षमता जन्मानंतर २४ ते ३६ तासांत संपते. एका पिल्लाला पहिल्या दिवसात दोनशे-अडीचशे ग्रॅम तरी चीक जायला हवा. अंगात चरबीचा साठा जवळपास नसतो, त्यामुळे थंडीत ते लगेच गारठते, गारठले की सडापर्यंत जात नाही आणि उपाशी राहिले की आणखी गारठते. बारा पिल्ले झाली तर अशक्त पिल्लांना हाताने धरून सडाला लावणे आणि दिव्याची ऊब देणे याची बरोबरी करणारे औषध बाजारात नाही.

दुसरी गोष्ट लोहाची. जन्मताना पिल्लाच्या शरीरात ४०-५० मिलिग्रॅम लोह असते. रोजची गरज सातेक मिलिग्रॅमची आणि दुधातून मिळते एखादाच मिलिग्रॅम. आठवड्याभरात साठा संपतो; पिल्ले फिकट पडतात, धापा टाकतात, वाढ खुंटते. मातीत उकरणाऱ्या गावठी पिल्लांना हा आजार क्वचितच होतो, कारण माती चाटताना त्यांना लोह मिळते. सिमेंटची फरशी आली आणि आजार आला. तिसऱ्या दिवशी २०० मिलिग्रॅम लोहाचे इंजेक्शन दिले की प्रश्न सुटतो.

मग येते दूध तोडणे. आईचे दूध तीन आठवड्यांच्या सुमारास कमाल पातळीवर असते. त्यानंतर ते पिल्लांच्या भुकेला पुरत नाही. पण त्या वयात पिल्लाच्या आतड्यांत दूध पचवणारे रस भरपूर आणि धान्य पचवणारे अगदी थोडे असतात. अचानक दूध तोडून मक्याच्या भरड्यावर टाकले तर आतड्यांच्या आतल्या बाजूची बारीक लव झिजते, अन्न न पचता पुढे सरकते आणि हगवण लागते. उपाय जुनाच आहे. दूध तोडण्याआधी दोनेक आठवडे पिल्लांसाठी आईला पोहोचता येणार नाही असा कोपरा करून तिथे मऊ, दुधाची पूड किंवा निवळी, भाजलेले सोयाबीन आणि थोडी सुक्या मासळीची भुकटी घातलेले खाद्य थोडे थोडे ठेवायचे. दूध तोडल्यानंतरच्या आठवड्यात ज्याची वाढ अडते, ते विक्रीच्या वजनालाही उशिरा पोहोचते.

या हगवणीवर जगाने एक सोपी वाट काढली होती आणि ती महागात पडली. १९५०च्या सुमारास अमेरिकेत असे आढळले की खाद्यात चिमूटभर प्रतिजैविक टाकले की कोंबडीची पिल्ले आणि डुकरे भराभर वाढतात. पन्नास वर्षे हा प्रकार सर्रास चालला. परिणाम लहान पिल्लांत ठळक होता, मोठ्या डुकरांत नाममात्र. पण औषधांना न जुमानणारे जिवाणू माणसापर्यंत पोहोचू लागले. स्वीडनने १९८६ मध्ये बंदी घातली, डेन्मार्कने २०००पर्यंत सगळ्या वयांच्या डुकरांत हे थांबवले आणि १ जानेवारी २००६पासून युरोपीय संघात वाढीसाठी प्रतिजैविके वापरणे बंद झाले. २०१९ मध्ये भारताने कोलिस्टिन हे औषध खाद्य-जनावरांत वापरायला बंदी केली. प्रतिजैविकांच्या जागी युरोपात पिल्लांच्या खाद्यात किलोमागे अडीच ग्रॅम जस्त झिंक ऑक्साइडच्या रूपात घालू लागले. हगवण थांबली, पण जस्त शेतांत साचू लागले आणि २०२२ मध्ये तेही बंद झाले. डेन्मार्क आजही डुकराचे मांस निर्यात करणाऱ्या जगातल्या मोठ्या देशांत आहे. औषधाशिवाय वाढ होत नाही हा दावा त्यामुळे टिकत नाही. स्वच्छता, उशिरा दूध तोडणे आणि पचेल असे खाद्य, यांची जागा औषधाने घेतली होती, इतकेच.

जस्ताचा योग्य उपयोग वेगळा आहे. १९५५ मध्ये अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात टकर आणि सामन या संशोधकांनी दाखवले की डुकरांच्या कातडीवर खपल्या धरून वाढ खुंटण्याचा एक आजार जस्ताच्या कमतरतेने होतो. चुनखडी जास्त घातली की तो बळावतो. ‘कॅल्शियम चांगलेच’ म्हणून मूठभर चुनखडी जास्त टाकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. स्फुरदाची गोष्टही जवळची. धान्यातला सुमारे दोन तृतीयांश स्फुरद फायटेट या रूपात अडकलेला असतो. तो सोडवणारे पाचकद्रव्य डुकराकडे पुरेसे नाही. नव्वदच्या दशकात बाजारात आलेल्या फायटेज या विकराने तो मोकळा करता येऊ लागला. खनिज मिश्रणावरचा खर्च वाचला आणि नेदरलँड्ससारख्या डुकरांनी गजबजलेल्या देशातले पाण्याचे प्रदूषणही कमी झाले.

खाद्य कसे दळले आहे यानेही फरक पडतो. अख्ख्या किंवा जाड भरडलेल्या मक्याचे तुकडे विष्ठेतून तसेच बाहेर पडतात. अमेरिकेतल्या कॅन्सस स्टेट विद्यापीठाच्या प्रयोगांतून असे दिसले की दाण्याचा आकार दर शंभर मायक्रॉनने बारीक केला की खाद्याचा उपयोग सव्वा टक्क्याच्या आसपास सुधारतो. सहाशे-सातशे मायक्रॉन, म्हणजे बारीक रव्यासारखे, हे चांगले माप. पिठासारखे मऊ केले तर पोटात अल्सर होतात.

बुरशीबद्दल मात्र तडजोड नको. पावसाळ्यात ओला राहिलेला मका आणि शेंगदाणा पेंड यांत बुरशीची विषे तयार होतात आणि त्यांच्यापुढे डुक्कर इतर जनावरांपेक्षा नाजूक ठरते. एका प्रकारच्या विषाने ते खाणेच सोडते, दुसऱ्याने माद्यांच्या योनीला सूज येते आणि माज बिघडतो, तिसऱ्याने यकृत खराब होते. माणसाला नको म्हणून स्वस्तात मिळालेले धान्य डुकराला चालेल, हा समज इथे सर्वांत जास्त नडतो.

खाद्याची छाप मांसावरही पडते. डुक्कर खाल्लेल्या तेलाचे स्वरूप फारसे न बदलता ते अंगात साठवते. शेंगदाण्यावर वाढवलेल्या डुकराची चरबी मऊ, तेलकट होते. खोबऱ्याच्या पेंडीवरची घट्ट. स्पेनमध्ये इबेरियन डुकरे शरद ऋतूत ओकच्या रानात सोडतात आणि ओकच्या फळांवर पुष्ट झालेल्या त्या डुकरांच्या मांडीला जगात सर्वाधिक भाव मिळतो. गोव्याच्या शोरीस या सॉसेजला आणि सोरपोतेल या कालवणाला चरबीची चव लागतेच. तिथे नारळाची पेंड, काजूच्या बोंडांचा चोथा आणि बियर कारखान्यातला ओला चोथा हाताशी असतो. बियरच्या चोथ्यात प्रथिने बरी असली तरी लायसीन कमी आणि तंतुमय भाग जास्त, म्हणून तो मोठ्या डुकरांना, तोही जोड म्हणूनच द्यावा. आगोंदा गोवन ही गोव्याची देशी जात आता राष्ट्रीय नोंदणीत आली आहे. तिच्यासाठी तिथल्याच जिनसांतून बेतलेले खाद्य ठरवणे हे काम तिच्या नोंदणीइतकेच मोलाचे आहे.

देशातली सर्वांत जास्त डुकरे आसामात आहेत. २०१९च्या पशुगणनेत देशभरात ९० लाखांवर डुकरे मोजली गेली, त्यांतली २१ लाख तिथे. ईशान्येतल्या घरोघरी अळूचे कंद-पाने शिजवून, तांदळाचा कोंडा आणि भाताच्या घरगुती मद्याचा चोथा मिसळून डुकराला घालतात. शिजवण्यामागे शहाणपण आहे, अळूची खाज त्याने जाते. पण या मिश्रणात ऊर्जा आहे, प्रथिने तोकडी. गुवाहाटीजवळ राणी येथे राष्ट्रीय वराह संशोधन केंद्र आहे. तिथे तयार झालेल्या हॅम्पशायर आणि देशी घुंगरू या जातींच्या संकराला त्या गावाचेच नाव मिळाले. असा संकर अळू-कोंड्यावर ठेवला तर त्याचे रक्त वाया जाते. त्यात थोडी सोयाबीन पेंड किंवा मासळीची भुकटी आणि खनिज मिश्रण घातले की चित्र बदलते.

महाराष्ट्रात बहुसंख्य वराहपालक हॉटेलच्या खरकट्यावर अवलंबून आहेत. फुकट किंवा जवळपास फुकट मिळणारे ते खाद्य सोडा, असे सांगणे सोपे आहे आणि अन्यायाचेही. वडार, कैकाडी समाजातल्या कुटुंबांनी पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच्या टाकाऊतून हा व्यवसाय उभा केला. त्या कष्टांना समाजाने मान दिला नाही आणि शासनाच्या पशुसंवर्धनाच्या योजनांतही डुकराला नेहमी शेवटचे पान वाढले गेले. पण खरकट्याचा हिशेब मांडायलाच हवा. त्यात पाऊण भागाहून जास्त पाणीच असते. दहा किलो खरकट्यातून कोरडे अन्न मिळते दोन-अडीच किलो, तेही मुख्यतः भात आणि पोळी. मीठ जास्त असते. जोडीला स्वच्छ पाणी नसेल तर डुकरांना झटके येऊन ती मरतात. लहान पिल्लाच्या पोटात इतके पाणचट अन्न मावतच नाही.

आणि रोगाचा धोका सर्वांत मोठा. २००१ मध्ये ब्रिटनमध्ये लाखो जनावरे मारायला लावणारी लाळ्या-खुरकुताची साथ न उकळलेले खरकटे खाणाऱ्या डुकरांच्या एका गोठ्यातून पसरली. त्यानंतर तिथे आणि पुढे युरोपभर खरकटे घालण्यावर बंदी आली. आफ्रिकन स्वाइन फीवर २००७ मध्ये जॉर्जिया या देशात पोहोचला, २०१८ मध्ये चीनमध्ये आणि २०२० मध्ये अरुणाचल प्रदेश व आसामात. त्यावर आपल्याकडे अजून हाताशी असलेला उपचार नाही. गोठ्यात शिरला की गोठा रिकामा होतो. त्याचा विषाणू डुकराच्या कच्च्या, खारवलेल्या मांसातही दीर्घकाळ जिवंत राहतो. जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या नियमाप्रमाणे खरकटे सतत ढवळत ९० अंश सेल्सिअसला निदान एक तास तापवले पाहिजे. जळण महाग आहे, हे मान्य. पण गावातल्या चार-सहा पाळणाऱ्यांनी मिळून एक मोठी कढई आणि एक भट्टी केली तर हे जमण्यासारखे आहे. उकळलेल्या खरकट्यात प्रत्येक डुकरामागे अर्धा-पाऊण किलो सोयाबीन पेंड व खनिज मिश्रण असलेला भरडा घातला की तेच खरकटे खऱ्या अर्थाने खाद्य ठरते. दूध तोडलेल्या पिल्लांना मात्र खरकटे अजिबात नको.

आपल्या उन्हाळ्याचाही विचार हवा. डुकराला घाम जवळजवळ येतच नाही. तापमान तिशीपलीकडे गेले की ते खाणे कमी करते आणि खाणे घटले की वाढ घटते. खाद्य पहाटे आणि सूर्य मावळल्यावर द्यावे, दुपारी अंगावर पाणी शिंपडावे, चोथा कमी करावा. कोरड्या खाद्याच्या दुप्पट-तिप्पट पाणी त्याला लागते. पाणी आटले की आधी खाणे थांबते, हे साधे सत्य कित्येक गोठ्यांत दुर्लक्षित राहते.

मादीबद्दल एकच गोष्ट सांगतो. गाभण काळात तिला लठ्ठ करू नये. दिवसाला दोन-अडीच किलो खाद्य पुरे. लठ्ठ मादी व्याल्यावर कमी खाते आणि दूध कमी देते. व्याल्यानंतर मात्र दोन किलो अधिक प्रत्येक पिल्लामागे सुमारे अर्धा किलो, इतके तिने खायला हवे. पिल्लांच्या स्नायूंतले तंतू किती असणार हे बहुतांशी जन्माआधीच ठरते, त्यामुळे गाभण मादीच्या खाद्यातली हेळसांड पुढे कोणत्याही खुराकाने भरून निघत नाही.

जे डुकरे पाळतात त्यांना माझी विनंती आहे. खाद्याची गोणी घेताना नुसती प्रथिनांची टक्केवारी विचारू नका, लायसीन किती आहे ते विचारा. विकणाऱ्याला सांगता आले नाही तर दुसऱ्याकडे जा. महिन्यातून एकदा चार-पाच डुकरे काट्यावर घ्या आणि तोवर किती खाद्य गेले ते वहीत लिहा. आणि पशुवैद्यकीय महाविद्यालये व कृषी विज्ञान केंद्रे यांनी आपल्या सोयाबीन, मका आणि उकळलेल्या खरकट्यावर आधारलेली वयोमानाप्रमाणे खाद्याची कोष्टके सोप्या मराठीत छापून वराहपालकांच्या वस्त्यांपर्यंत स्वतः नेऊन द्यावीत.